नेव्हिल डिसोझा कोण होता?

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. आठवीच्या वर्गाला निबंध दिला होता, 'माझा आवडता खेळाडू'. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठी शिकवायचं काम माझ्याकडे, आणि उर्दूचे दोन तासही माझ्याकडेच. वह्या घरी आणल्या, रात्री चहा घेऊन तपासायला बसलो. निम्म्या वह्यांत रोनाल्डो, उरलेल्यांत मेस्सी आणि विराट कोहली. एका पोरानं डेव्हिड बेकहॅमवर लिहिलं होतं. ते वाचून मी चकित झालो, कारण बेकहॅम खेळायचा थांबला तेव्हा हा पोरगा जेमतेम रांगत असेल. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, "सर, अब्बांचा जुना टी-शर्ट आहे, त्याच्यावर नाव आहे. मग मोबाइलवर बघितलं." निबंध चांगला होता. बेकहॅमचा जन्म, मँचेस्टर युनायटेड, फ्री किक, माद्रिद, सगळं क्रमानं. शेवटी एक वाक्य: 'आपल्या महाराष्ट्रात असा कोणी फुटबॉलपटू झाला नाही.'

त्या वाक्याखाली मी लाल पेनानं रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'नेव्हिल डिसोझा?'

वर्गात नाव घेतलं तर कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. स्टाफरूममध्ये विचारलं तर तिथंही तीच तऱ्हा. एका सहकाऱ्यानं, तोही क्रीडाशिक्षक, विचारलं, "हा 'मैदान' पिक्चरमध्ये होता तोच का?" म्हटलं, हो, तोच. निदान पिक्चरमुळे तरी एका माणसाला ठाऊक होता.

मलाही हे नाव पुस्तकातून कळलेलं नाही, नानांकडून कळलं. माझे नाना भुसावळला लोको शेडमध्ये फिटर होते. रेल्वेचा पास निघाला की लोक अजमेरला जात, शिर्डीला जात. नाना पावसाळा सरताना एकदा तरी मुंबईला जायचे, कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने बघायला. आजी यावरून त्यांना आयुष्यभर बोलत राहिली. जामनेरला आमच्याकडे यायचे तेही एसटीनं नाही. भुसावळहून पाचोरा, आणि पाचोऱ्याहून पीजेच्या छोट्या गाडीनं, दुप्पट वेळ घालवून. रेल्वेच्या माणसानं एसटीत बसणं त्यांना कमीपणाचं वाटे. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलो की ते सांगायचे: हैदराबाद पोलिसांची टीम कशी पास द्यायची, आणि टाटाकडून खेळणारा एक गोव्याचा पोरगा, नेविल, गोलसमोर कसा नेमका उगवायचा. 'उगवायचा' हाच शब्द. "कुठून आला ते दिसायचं नाही, गोल झाल्यावर दिसायचा."

आता नानांच्या गोष्टी बाजूला ठेवतो आणि नोंदलेलं तेवढं सांगतो.

नेव्हिल डिसोझाचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ चा, गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या आसगावचा. म्हापशाजवळचं हे गाव. त्या वेळी गोवा पोर्तुगिजांकडे होता. पण गोव्याच्या माणसाचं पोट पूर्वीपासून मुंबईवर. धोबीतलावच्या आसपास त्यांच्या 'कुडी' होत्या. कूड म्हणजे एकेका गावाचा क्लब. बोटीवर नोकरी शोधायला आलेल्या माणसाला तिथं पेटी ठेवायला आणि अंग टाकायला जागा मिळे. खानावळी, बँड, बेकऱ्या, बोटी आणि फुटबॉल, या सगळ्यात गोवेकर होते. नेव्हिलचं नाव झालं ते याच मुंबईच्या मैदानांवर, टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळताना. त्याचा भाऊ डेरेक हाही नावाजलेला फुटबॉलपटू.

त्या काळचा मुंबईचा फुटबॉल समजून घ्यायला हवा. आजच्यासारखे लिलाव आणि कोट्यवधींचे करार नव्हते. कंपन्यांचे संघ असत. टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे. खेळाडूला कंपनीत नोकरी आणि संध्याकाळी सराव, असा हिशेब. कोल्हापूरला तालमींचे संघ आणि पेठांची ईर्ष्या, तसं मुंबईला कंपन्यांचे संघ आणि कूपरेज. रोव्हर्स कप १८९१ सालापासूनचा, आधी गोऱ्या पलटणींचाच. तो जिंकणारा पहिला भारतीय संघ कोणता, हे मी वर्गात विचारतो तेव्हा मुलं मोहन बागान म्हणतात. उत्तर आहे बेंगलोर मुस्लिम्स, १९३७. त्यानंतर १९४० मध्ये कलकत्त्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग. मग १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं एकच संघ, हैदराबाद सिटी पोलीस. १९५४ सालीच मुंबईनं पहिल्यांदा संतोष ट्रॉफी जिंकली. नेव्हिल तेव्हा बावीस वर्षांचा होता.

हैदराबाद पोलिसांचं नाव आलं की सय्यद अब्दुल रहीम यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. खरं सांगायचं तर मला नेव्हिलइतकंच त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, कारण ते शिक्षक होते. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर, नंतर शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा, आणि हैदराबादच्या शाळांत शिक्षकाची नोकरी: काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम, चादरघाट हायस्कूल. लोक त्यांना 'रहीमसाहेब' म्हणत. १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनची जबाबदारी, १९५० पासून पोलीस संघाचं प्रशिक्षण आणि पुढं देशाच्या संघाचं.

१९५० ही तारीख जरा नीट पाहा. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्यानंतरची दोन वर्षं तिथल्या मुसलमानांची कशी गेली हे मराठवाड्यातल्या आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. मी विचारलेलं आहे, उत्तरं लांब असतात आणि मध्येच थांबतात. त्या हैदराबादची एक टीम, अंगावर पोलिसांचा गणवेश आणि नावं अझीझुद्दीन, नूर मोहम्मद अशी, मुंबईला येऊन पाच वर्षं कप घेऊन जाते आणि कूपरेजवरची गर्दी टाळ्या वाजवते. नाना हे सांगताना राजकारणाचा शब्द काढत नसत. ते फक्त पास सांगायचे. या पायातून त्या पायात, जमिनीलगत.

रहीमसाहेब शिकवायचे कसे, हे मात्र लिहून ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे तेव्हा चेंडू पायात आला की चार जणांना चकवायचं आणि गर्दीकडं बघायचं, अशी रीत होती. रहीमसाहेबांनी ड्रिब्लिंगला बंदी असलेले सामने घेतले. चेंडू आला की लगेच द्यायचा. दुसरं, ज्याचा जो पाय कच्चा त्याच पायानं खेळायला लावायचं. बी.एड.ला असताना आम्हाला 'उपचारात्मक अध्यापन' असा एक भाग होता, चार गुणांचा प्रश्न यायचा. मी त्याची व्याख्या पाठ करून पास झालो. कच्च्या पायाची गोष्ट वाचली तेव्हा कुठं ती व्याख्या समजली.

नेव्हिल रहीमसाहेबांच्या हाताखाली आला तो देशाच्या संघात. आसगावचा ख्रिश्चन पोरगा, मुंबईच्या इंग्रजी-कोंकणी वातावरणातला, आणि समोर दख्खनी उर्दू बोलणारे मास्तर. संघात बंगालचे पी. के. बॅनर्जी आणि कर्णधार समर उर्फ बद्रू बॅनर्जी, सिकंदराबादचा तुलसीदास बलराम, गोलमध्ये पीटर थंगराज आणि मुंबईत माटुंग्याला वाढलेले एस. एस. नारायण, केरळचे अब्दुल रहमान, कृष्णस्वामी उर्फ किट्टू. अनेकांची मातृभाषा एकमेकांशी जुळत नाही. आमच्या शाळेत तीन भाषांचे शिक्षक एका फाइलीवरून भांडतात, म्हणून मला याचं विशेष वाटतं.

१९५६. त्या वर्षाचं शेवट कसं होतं ते आठवा. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य मोडलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला, आपलं जामनेर पूर्व खान्देश जिल्ह्यात आणि द्वैभाषिक मुंबई राज्यात. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. गोव्यात आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ ला, सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या होत्या आणि गोव्याची सीमा बंद झाली होती. म्हणजे नेव्हिल ज्या देशाचा शर्ट घालून मेलबर्नला निघाला, त्या देशात त्याचं जन्मगाव अजून आलंच नव्हतं. ते आलं १९ डिसेंबर १९६१ ला. आज कोणाचा जन्म कुठला, कागद कुठला, यावर माणसाचा देश ठरवायची घाई असलेल्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

मेलबर्नला ऑलिंपिक २२ नोव्हेंबरपासून होतं. फुटबॉलमध्ये सोळा संघ ठरले होते, उतरले अकराच. भारताची पहिली गाठ हंगेरीशी होती. हंगेरी म्हणजे १९५२ चा सुवर्णविजेता देश. पण ऑक्टोबरात बुडापेस्टला उठाव झाला, नोव्हेंबरात रशियाचे रणगाडे शिरले, आणि हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारत न खेळता पुढं गेला. यावरून काही जण म्हणतात की भारत नशिबानं चौथा आला. असेल. पण त्यापुढचे तीन सामने नशिबानं कोणी खेळून दिले नाहीत.

१ डिसेंबर, उपांत्यपूर्व सामना, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला समर बॅनर्जींचा फटका गोलच्या चौकटीवर आदळून परत आला. नेव्हिल तिथं होता, डोक्यानं आत. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोनं बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला पी. के.नी उजवीकडून चेंडू आत घातला, पुन्हा नेव्हिल. मॉरोनं पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिलचा तिसरा. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूनं चौथा टाकला आणि ४–२ वर विषय संपला. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा आशियातला पहिला फुटबॉलपटू, हा मान त्या दुपारी आसगावच्या पोराकडं गेला. उपांत्य फेरीत पोचणारा पहिला आशियाई संघ हा भारताचाच. यजमानांना हा निकाल पचला नसावा. ऑलिंपिक संपल्यावर सिडनीला पुन्हा एक सामना झाला, तो भारतानं ७–१ असा जिंकला.

बेकहॅमवाल्या पोरासाठी एक जोड देतो. त्याच स्पर्धेत, आदल्या दिवशी, ब्रिटनचा संघ बल्गेरियाकडून ६–१ असा हरून घरी गेला होता. तो हौशी खेळाडूंचा संघ होता हे खरं, पण आपलाही हौशीच होता, नियमच तसा होता. आणि त्याच डिसेंबरात युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पहिला 'बॅलन डी'ओर' जाहीर झाला. तो मिळाला इंग्लंडच्या स्टॅन्ली मॅथ्यूजला, वय ४१. न्हाव्याचा आणि मुष्टियोद्ध्याचा हा मुलगा. सिगारेट नाही, दारू नाही, रोजचा व्यायाम, आणि वयाच्या पन्नासाव्या वर्षापर्यंत तो इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये खेळला. पुढं 'सर' झाला. स्टोक गावात त्याचे पुतळे आहेत, त्याच्यावर पुस्तकांमागून पुस्तकं आहेत. मॅथ्यूज होताच तेवढा मोठा, मी तुलना करत नाही. पुस्तकांबद्दल बोलतो आहे. नेव्हिल डिसोझावर एक मराठी पुस्तक मुलाच्या हातात द्यावं म्हटलं तर माझ्या कपाटातून काही निघालं नाही. म्हणून तर हा लेख लिहितो आहे.

४ डिसेंबरचा उपांत्य सामना युगोस्लाव्हियाशी. हाच तो युगोस्लाव्हिया, ज्यानं १९५२ ला हेलसिंकीत भारताला १०–१ नं धुतलं होतं. तेव्हा आपले बरेच खेळाडू अनवाणी होते, थंडीत गोठलेल्या पायांनी खेळले होते. प्रशिक्षक तेव्हाही रहीमसाहेबच. चार वर्षांनी तोच मास्तर त्याच परीक्षकांसमोर दुसरी बॅच घेऊन उभा होता. मध्यंतरापर्यंत गोल नाही. बावन्नाव्या मिनिटाला भारताचा गोल. कोणाचा, ते सांगायला नको. दोन मिनिटं भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या वाटेवर होता. चोपन्नाव्या मिनिटाला पापेचनं बरोबरी केली, मग वेसेलिनोविच, मग पुन्हा पापेच. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला चौथा गोल झाला. तो आपल्याच बचावपटूच्या पायाला लागून आत गेला. त्याचं नाव अब्दुस सलाम.

वर्गात मी इथपर्यंत आलो होतो. फळ्यावर ४–१ लिहिलं, आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"सर, सलामला मग काय म्हणाले लोक?"

वर्ग शांत झाला. आमच्या पोरांना मी ओळखतो. ती तेव्हा १९५६ मध्ये नव्हतीच. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुबईत पाकिस्तानकडून भारत हरला, त्यानंतर महंमद शमीला मोबाइलवर जे काही लिहिलं गेलं, ते यांच्या घरातल्या मोठ्यांनी वाचलेलं होतं. कोहली शमीच्या पाठीशी उभा राहिला, हेही त्यांना माहीत होतं. तरी प्रश्न आला. तेरा वर्षांच्या मुलाला आत्मघाती गोल ऐकून पहिला प्रश्न हाच का सुचावा, याचं उत्तर माझ्या बी.एड.च्या नोट्समध्ये नाही.

मी म्हणालो, "चौथा गोल होता तो. आपण आधीच १–३ नं मागं होतो. आणि सामना अकरा जण हरतात."

"पण सर..."

"नाव यादीत आहे ना त्याचं? ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या संघात?"

"आहे."

"मग बस खाली."

उत्तर बरोबर होतं की नुसतं शिक्षकी होतं, मला ठरवता आलेलं नाही.

इथं एक कबुली द्यायला हवी. हा तास मी तयारी करून घेतला होता आणि तयारीत एक चलाखी होती. 'आपल्या लोकांनी देशासाठी काय केलं' हे आमच्या मुलांना सतत ऐकवलं जातं, कधी टीव्हीवर, कधी बसमध्ये शेजारच्या सीटवरून. म्हणून मी त्या संघाची यादी काढली आणि हिरव्या पेनानं खुणा करत गेलो. लतीफ, अझीझुद्दीन, अहमद हुसेन, सलाम, नूर मोहम्मद, झुल्फिकारउद्दीन, अब्दुल रहमान. वरून प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. खुणा वाढत होत्या आणि मला बरं वाटत होतं. मग कन्नयन या नावापाशी अडलो. एके ठिकाणी नुसतं 'एम. कन्नयन' आहे, दुसरीकडं 'मोहम्मद कन्नयन'. हिरवी खूण करायची की नाही? दहा मिनिटं मी त्या एका आद्याक्षरावर घालवली. चाळिशी ओलांडलेला माणूस, रात्री अकरा वाजता, सत्तर वर्षांपूर्वीच्या फुटबॉलपटूचा धर्म शोधत बसलेला. बायको पाणी ठेवायला आली, कागद बघून म्हणाली, "हजेरी घेताय का?"

आणि त्या यादीत ज्यानं चार गोल केले, ऑस्ट्रेलियाला तीन आणि युगोस्लाव्हियाला एक, त्याच्या नावापुढं माझी खूणच नव्हती. कागद फाडला. वर्गात पूर्ण यादी फळ्यावर लिहिली, खुणांशिवाय.

कांस्यपदकाचा सामना ७ डिसेंबरला झाला. बल्गेरियानं ३–० असं हरवलं. भारत चौथा, आणि फुटबॉलमध्ये त्याच्यापुढं तो आजपर्यंत गेलेला नाही. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे तिघे, प्रत्येकी चार: बल्गेरियाचा मिलानोव, युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि भारताचा डिसोझा. पण आपल्याकडं त्या आठवड्यात फुटबॉलकडं कोणाचं लक्ष असणार? ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब गेले. ७ ला, बल्गेरियाशी सामना होत असतानाच्याच दिवशी, दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या साक्षीनं त्यांचे अंत्यसंस्कार झाले. त्याच ६ तारखेला मेलबर्नला हॉकीच्या अंतिम सामन्यात भारतानं पाकिस्तानला १–० नं हरवून सुवर्ण जिंकलं होतं. सुवर्णाशेजारी चौथा क्रमांक कोण विचारतो! नाना म्हणायचे, "चौथा म्हणजे गाडी प्लॅटफॉर्मला लागली पण थांबली नाही."

नेव्हिल परत येऊन पुन्हा मुंबईच्या मैदानांवर खेळू लागला. पुढं तो कॅल्टेक्सकडं गेला. १९५८ चा रोव्हर्स कप कॅल्टेक्सचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकला भारतीय संघ गेला, त्यात तो नव्हता. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाले आणि फुटबॉलचा पहिला पी. के. बॅनर्जींना मिळाला, दुसऱ्या वर्षी बलरामला. दोघेही मेलबर्नचेच सोबती. नेव्हिलचं नाव त्या यादीत कधी आलं नाही. १६ मार्च १९८० ला तो गेला, वय अवघं ४७.

रहीमसाहेबांनी आणखी एक काम केलं. १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ते संघ घेऊन गेले तेव्हा कर्करोग अंगात होता. प्रेक्षक भारताच्या विरोधात होते, कारण इस्रायल आणि तैवानला इंडोनेशियानं येऊ दिलं नाही यावर एका भारतीय अधिकाऱ्यानं टीका केली होती. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २–१ नं हरवून भारतानं सुवर्ण जिंकलं. पी. के. आणि जर्नेल सिंग यांचे गोल. आदल्या रात्री त्यांनी पोरांकडं भेट म्हणून ते सुवर्ण मागितलं होतं, असं खेळाडू पुढं सांगत. ११ जून १९६३ ला ते वारले. भारतीय फुटबॉलला त्यानंतर आशियाई सुवर्ण मिळालेलं नाही.

'मैदान' ईदच्या सुट्टीत, एप्रिल २०२४ मध्ये लागला होता. आमच्या पोरांतल्या काहींनी तो जळगावला जाऊन पाहिला, बाकीच्यांनी मोबाइलवर. त्यांना अजय देवगण लक्षात राहिला, रहीम हे नाव जेमतेम, नेव्हिल नाही. पिक्चरला दोष देत नाही. तीन तासांत काय काय बसवणार.

निबंधाचं पुढं असं झालं. बेकहॅमवाल्या पोरानं आठवड्यानं वही परत आणली. मी सांगितलेलं नव्हतं, तरी त्यानं नवा निबंध लिहिला होता, मराठीत दीड पान. आसगाव बार्देश तालुक्यात आहे, इथपासून सुरुवात. खाली तोच निबंध उर्दूत लिहायला घेतला होता आणि पहिल्याच ओळीत अडला होता.

"सर, डिसोज़ामधला 'ज़' कोणता?"

प्रश्न रास्त आहे. उर्दूत या एका आवाजाला चार अक्षरं आहेत: ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय. मराठीत काम एका 'झ'वर भागतं. शेजारचा म्हणाला ज़ाल, झुल्फिकारचा असतो तो. दुसरा म्हणाला ज़े, अझीझुद्दीनचा. दोघांची जुंपली. एक फुल बॅकचं नाव सांगतोय, दुसरा फॉरवर्डचं, आणि मधोमध वहीवर नेव्हिल अर्धवट लिहिलेला. मी ज़े सांगितला. त्यानं लिहून घेतला आणि वर एक नुक्ता जरा जास्तच ठळक दिला.

मधली सुट्टी झाली तशी पोरं मैदानाकडं पळाली. मैदान म्हणजे शाळेमागची मोकळी जागा. एका बाजूला दोन दगड, दुसऱ्या बाजूला एक दगड आणि कोणाची तरी चप्पल. मागच्या बाकावरचा तो सलामवाला पोरगा एकटाच भिंतीवर चेंडू मारत होता. डाव्या पायानं. दर दुसरा फटका वाकडा जात होता, तो धावत जाऊन आणत होता आणि पुन्हा डाव्याच पायानं मारत होता.